तुमच्या मँडोलिनमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?

चौथी_जोडी (पुणे)

मंडळी, इथे सतारीवर धागा आहे, हार्मोनियमवर तर दोन-तीन आहेत, गिटारवाल्यांचं विचारूच नका. मँडोलिनवर एकही सापडला नाही म्हणून काढतोय. प्रश्न साधा आहे. तुमच्याकडे जे मँडोलिन आहे, किंवा पूर्वी होतं आणि अजून आठवतं, त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? कंपनी आणि किंमत सांगायची तर सांगा, पण मला हवंय ते हे, की घरात चार वाद्यं असताना हात त्याच्याकडेच का जातो.

माझं मत आधी सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. आवाज दुसऱ्या नंबरला. पहिला नंबर नेकचा. मेरूपासून (नेकच्या वरच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) वाजणारी तार जेमतेम चौदा इंच, सातव्या पडद्याच्या पुढे गेलं की बोटांना जागाच नाही, त्यामुळे नेक अर्धा मिलिमीटर जाड-बारीक असली तरी हाताला लगेच कळतं. माझं साधं ए-टाइप आहे, थेंबाच्या आकाराचं, पण नेक मागून किंचित व्ही आकाराची आहे आणि अंगठा बरोब्बर त्या धारेवर बसतो. मागचं चकचकीत वॉर्निश एका कारागिराकडून घासून काढून घेतलं, आता नुसतं लाकूड आणि त्यावर तेलाचा हात. मे महिन्यात तळहाताला धारा लागलेल्या असतात तरी अंगठा कुठे अडकत नाही, पहिल्या पडद्यावरून बाराव्यावर सरकन जातो. आवाज काय, तारा बदला, पिक बदला, ब्रिज बदला, पुष्कळ सुधारता येतो. नेक हाताला बसली नाही तर ते वाद्य कपाटावर जाणार म्हणजे जाणारच.

बोला आता.

खमंग_काकडी

मला वाजवता येत नाही पण ऐकायला जाम आवडतं. रुमाल टाकून ठेवते. येऊ द्या अजून.

कोथरूड_ते_कॅरोलिना

वा वा, शेवटी कुणीतरी धागा काढला! चौथी_जोडी, नेकचं पटतं पण पहिला नंबर अजिबात नाही. पहिला नंबर 'चॉप'चा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, त्यात ड्रम नसतो. बँड उभा राहतो तो डबल बास आणि मँडोलिनवर. बास पहिल्या-तिसऱ्या मात्रेला, आणि मँडोलिनवाला दुसऱ्या-चौथ्या मात्रेला पूर्ण कॉर्ड मारतो आणि मारल्या मारल्या डाव्या हाताची बोटं सैल सोडतो, तारेवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा. मग सूर असा राहतच नाही, सुक्या लाकडाचा 'टक्' असा आवाज येतो. हा टक् प्रत्येक मँडोलिनमधून येत नाही राव. काहींमधून नुसता तारांचा खुळखुळाट येतो, काहींमधून फुसका. माझं एफ-टाइप आहे, इथल्याच एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने केलेलं, वरचं पान स्प्रूसचं, मागचं मेपलचं, आणि आतून दोन लांब टोनबार (पानाला चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या). चॉप मारला की छातीच्या हाडात लागतो. इथे नॉर्थ कॅरोलिनात रालेला बरीच वर्षं ब्लूग्रासचा मोठा महोत्सव भरायचा, २०१३ पासून. रस्त्यावर कोपऱ्या-कोपऱ्यावर लोक घोळका करून वाजवायचे, तिथे माईकबिईक काही नाही, तेव्हा माझा चॉप पलीकडच्या फुटपाथला ऐकू जायचा आणि आपल्याला काय पाहिजे हो आयुष्यात अजून.

या आवाजाचं मूळ गिब्सन कंपनीच्या एफ-५ मॉडेलमध्ये आहे. लॉइड लोअर नावाचा माणूस मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यात होता, त्याच्या हाताखाली १९२२ ते १९२४ मध्ये जे एफ-५ झाले त्यांच्या आत त्याच्या सहीची, तारखेची चिठ्ठी असते. व्हायोलिनसारखे एफ-होल (एफ आकाराची भोकं) मँडोलिनला पहिल्यांदा त्यांनीच आणले, आणि नेक शरीराबाहेर जास्त काढली, त्यामुळे ब्रिज पानाच्या मधोमध आला. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याचं मँडोलिन ९ जुलै १९२३ च्या सहीचं. चाळीसच्या दशकात फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात त्याला दिसलं, दीडशे डॉलरला घेतलं, आणि त्याच्यावर अख्खं ब्लूग्रास उभं राहिलं.

सूरपारंबी (ठाणे)

कॅरोलिना दादा, छान माहिती. एक शंका, त्या एफ-टाइपला वर जी गोगलगाय असते (स्क्रोल म्हणतात ना?) तिचा आवाजाशी काय संबंध? माझ्या मास्तरांच्या मते काहीच नाही, नुसते पैसे वाढतात.

कोथरूड_ते_कॅरोलिना

मास्तर बरोबर आहेत. 😀 पट्टा अडकवायला होते, एवढाच उपयोग. पण ती कोरायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात, म्हणून किंमत. आणि खरं सांगू, दिसते फार सुंदर. मी रोज कपड्याने पुसतो ती. आवडण्यात दिसणंही आलंच की.

निषाद_वऱ्हाडी

मी वेगळ्या गावचा माणूस. मी हिंदुस्थानी वाजवतो, मँडोलिनवर. तुम्ही लोक चॉप म्हणता तेव्हा सूर मारून टाकायचा असतो, मला तो जगवायचा असतो. एवढ्या छोट्या तारेचा आवाज दोन सेकंदात विरतो, त्यात यमन कसा मांडायचा हा माझा जन्माचा प्रश्न.

म्हणून मला माझ्यातलं सगळ्यात काय आवडतं तर पडदे. जाड आणि उंच पडदे टाकून घेतलेत, आणि आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात त्यातली प्रत्येक जोडीतली एकेक तार काढून टाकली आहे. उंच पडद्यामुळे बोट लाकडाला टेकतच नाही, तार हवेत असते, त्यामुळे खेचायला पकड मिळते. ग वरून म पर्यंत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) आरामात येते, जोर लावला तर प ला हात लागतो. जोडीच्या तारा असताना हेच करा, दोन तारा सारख्या ताणल्या जात नाहीत, एक पुढे जाते एक मागे राहते आणि मींडीच्या शेवटी बेसूर.

यू. श्रीनिवास यांनी हेच ओळखलं. आंध्रातल्या पालकोल्लूचा मुलगा, लहान वयातच मद्रासच्या मोठ्या सभांमध्ये बसायला लागला, इलेक्ट्रिक मँडोलिन, एकेरी तारा, आणि चाराऐवजी पाच. त्या पाचव्या तारेने खालचा सप्तक मिळाला आणि एकेरी तारेने गमक (सुराला दिलेले झोके). कर्नाटक संगीताचे जाणकार आधी नाकं मुरडत होते, वाद्यच परकं, त्यात वायर लावलेलं. ते ऐकल्यावर गप्प झाले. २०१४ मध्ये गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. मला अजून ते रेकॉर्डिंग लावलं की पुढचं काही सुचत नाही.

रेघोट्या

निषाद, आदर ठेवून विचारते, जोड्या काढल्यावर उरतं ते मँडोलिन का? माझ्यासाठी तर सगळी गंमत त्या जोडीतच आहे. दोन तारा कितीही काळजीपूर्वक जुळवल्या तरी त्यांच्यात केसभर फरक राहतो, आणि त्या फरकामुळेच आवाज थरथरतो, चमकतो. दोन सख्ख्या बहिणी एकत्र आरती म्हणतात तेव्हा आवाज एक होतो पण दोघी ऐकू येतात, तसं. जुनी हिंदी गाणी काढा, पन्नासच्या दशकातली, अंतऱ्याआधी जो मँडोलिनचा ट्रेमोलो (पिक झरझर वरखाली करून धरलेला सूर) येतो तो एकेरी तारेवर वाजवून बघा, पाणी निघून जाईल त्यातलं.

माझ्या मँडोलिनमधली मला सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ए सुराची जोडी. ई किंचित कर्कश आहे, जी थोडी घुमते, डी बरी आहे. पण ए! तिसऱ्या पडद्यापासून सातव्यापर्यंत ट्रेमोलो धरला की मला थांबावंसं वाटत नाही, स्वयंपाक करपतो.

निषाद_वऱ्हाडी

रेघोट्या ताई, ट्रेमोलोसाठी जोडी हवीच, १०० टक्के मान्य. पण मँडोलिन कशाला म्हणायचं याचा निकाल तारा मोजून लागेल असं मला नाही वाटत. आणि आधारच हवा असेल तर सज्जाद हुसेन घ्या. संगदिल आणि रुस्तम सोहराबचे संगीतकार, तेच. साध्या ॲकॉस्टिक मँडोलिनवर ते राग वाजवायचे, मींडीसकट. म्हणजे जोडी ठेवूनही होतं, फक्त त्यासाठी सज्जाद व्हावं लागतं. मला नाही जमत म्हणून मी तारा काढल्या, बस.

रेघोट्या

सज्जादसाहेबांचं नाव घेतलंत, आता मी भांडत नाही. 🙏

खमंग_काकडी

लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांतही मँडोलिनच वाजवायचे ना आधी?

सूरपारंबी (ठाणे)

हो. लहान वयातच, घरची परिस्थिती बेताची म्हणून. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लतादीदींच्या कार्यक्रमात साथीला होते तेव्हा शाळकरी पोरच होते, तिथून पुढची ओळख झाली. त्यांच्या गाण्यांत मँडोलिन कुठे कुठे येतं ते शोधत बसायचा मला नाद आहे, पण तो वेगळा धागा होईल.

ढोलकीच्या_तालावर

आमच्याकडे मँडोलिन म्हणजे शाहरुखने मोहरीच्या शेतात धरलेलं ते. १९९५ नंतर आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांना ते शिकायचं होतं, एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं, दुकानात जाऊन 'ती छोटी गिटार द्या' म्हणायचे. 😂

मडगांवचो_बाब

नमस्कार. मी गोव्याचा, मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात एक गोल पाठीचं मँडोलिन आहे, पप्पांच्या पप्पांचं. आमच्या वाड्यावर लादाईनीला (घरातली ख्रिस्ती प्रार्थना) व्हायोलिन वाजायचं, मांडो (गोव्याचं गाणं) असला तर घुमट. मँडोलिन बाहेर जायचं नाही, ते जेवण झाल्यावर बाल्कांवात (ओसरीवर) बसून वाजवायचं. तुम्ही सगळे सपाट पाठीची, कोरलेल्या पाठीची बोलताय. गोल पाठीची मजा वेगळी आहे हां. ती पाठ एका लाकडाची नसते. पातळ पट्ट्या वाकवून एकमेकीला चिकटवतात, आमच्याकडच्याला एकवीस पट्ट्या आहेत, दोन पट्ट्यांच्या मध्ये दोऱ्याएवढी पांढरी रेघ. वरचं पान ब्रिजच्या मागे किंचित खाली मोडलेलं असतं, मुद्दाम, म्हणजे ताराचा दाब बरोबर बसतो. नेपल्सची पद्धत. तिथल्या विनाच्चा या कारागीर घराण्याने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी हे रूप पक्कं केलं. व्हिवाल्डीचं मँडोलिन कॉन्चेर्तो किंवा मोझार्टच्या डॉन जोव्हानीमधलं ते खिडकीखालचं गाणं ऐका, मग कळेल की हे वाद्य ब्लूग्रासच्या किती आधीपासून आहे.

तर मला काय आवडतं. आवाज नाजूक आहे, कॅरोलिनाच्या फुटपाथवर ऐकू जायचा नाही. पण पाठ पोटाशी धरल्यावर पूर्ण आवाज पोटात येतो. एकच त्रास, मांडीवरून घसरतं. आम्ही खाली शामोआचा (मऊ चामड्याचा) तुकडा घालतो, मग बसतं व्यवस्थित.

चौथी_जोडी (पुणे)

बाब, क्या बात है. फोटो टाका ना त्या पट्ट्यांचा. आणि नेक कशी आहे त्याची?

मडगांवचो_बाब

नेक बारीक आहे हो, आणि सपाट. तुम्हाला नाही आवडणार. 🙂

मिरजेचा_पाहुणा

माझा मुद्दा कुणी काढला नाही अजून. ब्रिज!

मँडोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने उभा असतो. तारा थोड्याथोडक्या नव्हेत, मध्यम जाडीचा संच चढवला की आठ तारांचा मिळून ऐंशी किलोच्या आसपास ताण येतो, आणि त्यातला दाब ब्रिजच्या दोन पायांतून पानावर जातो. ते पाय पानाच्या उंचवट्यावर शंभर टक्के टेकले पाहिजेत. बहुतेक तयार वाद्यांत टेकत नाहीत. माझ्याही नव्हते टेकत. मिरजेला एका तंबोरेवाल्या कारागिराकडे घेऊन गेलो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं असेल, पण त्या गल्लीत बसून घोडीला कानस लावताना बघणं वेगळं. त्याने आयुष्यात मँडोलिन हातात घेतलेलं नव्हतं. दोन मिनिटं फिरवून बघितलं, तारा उतरवल्या, पानावर बारीक पॉलिश पेपर ठेवला, खरखरीत बाजू वर, आणि ब्रिज त्याच्यावर एकाच दिशेने हलकेच ओढत राहिला. दर चार ओढींनंतर उचलून पायाचा तळ बघायचा, जिथे लाकूड अजून काळं आहे तिथे टेकत नाही. मग मागून बॅटरीचा उजेड टाकून फट दिसते का पाहिलं. फट संपेपर्यंत हेच, तोंडाने एक शब्द नाही. वरचा तुकडा त्याने हाडाचा करून दिला, तंबोऱ्याच्या घोडीतून उरलेला.

तार चढवली आणि मी बघतच राहिलो. तेच वाद्य, त्याच तारा, आवाज दीडपट. तेव्हापासून मला कुणी विचारलं की तुझ्या मँडोलिनमध्ये काय आवडतं तर मी ब्रिज दाखवतो. चौथी_जोडी, तुम्ही म्हणालात ब्रिज बदलता येतो म्हणून तो दुसऱ्या नंबरला. मी म्हणतो बदलता येतो म्हणूनच तो पहिल्या नंबरला.

कोथरूड_ते_कॅरोलिना

+१०००. पॉलिश पेपरची युक्ती इथले कारागीरही अशीच करतात, सेम टू सेम. मिरज आणि कॅरोलिना!

रिमझिम_रत्नागिरी

ब्रिजचा विषय निघालाच आहे तर मदत करा. पावसाळ्यात माझं मँडोलिन वाजवायला जड होतं. तारा पडद्यापासून उंच गेल्यासारख्या वाटतात आणि बाराव्या पडद्यावर सूर चढा येतो. नेक वाकली का?

मिरजेचा_पाहुणा

नेक असेलच असं नाही. कोकणातल्या हवेत पान ओल धरतं आणि फुगतं, ब्रिज त्याच्याबरोबर वर जातो, तारा उंच होतात. ब्रिजला दोन बाजूंना चाकं आहेत का बघा, असतील तर तारा थोड्या सैल करून दोन्ही चाकं सारखी खाली घ्या. मग बाराव्या पडद्यावर हार्मॉनिक (बोट न दाबता तारेला नुसतं टेकवून) वाजवा आणि तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज शेपटीकडे केसभर सरकवा, उतरा असेल तर नेककडे. दोन्ही सारखे आले की झालं. आणि तारा बदलताना आठही एकदम काढू नका, एकेक जोडी बदला, नाहीतर ब्रिज जागेवरून हलतो आणि पुन्हा सगळी शोधाशोध.

कोथरूड_ते_कॅरोलिना

आणि आमच्याकडे उलटा प्रकार. हिवाळ्यात घरात हीटर, हवा कोरडी ठणठणीत, पान खाली बसतं, तारा पडद्यावर आपटायला लागतात, जास्त झालं तर पानाला चीर. केसमध्ये ओलाव्याची पुडी ठेवावी लागते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून ठेवायची. रत्नागिरीत तुम्हाला सिलिका जेल लागेल, मला पाणी. 😀

रिमझिम_रत्नागिरी

झालं! चाकं खाली घेतली, ब्रिज जरासा मागे सरकवला, सूर जागेवर. पाहुणे, तुमचे उपकार कसे फेडू. हापूस पाठवते सीझनला. एक अजून, तारा मिळत नाहीत इथे. दुकानदार गिटारच्या देतो, त्यांना टोकाला मणी असतो, मँडोलिनच्या शेपटीत तो अडकत नाही.

सूरपारंबी (ठाणे)

पक्कडीने तो पितळी मणी दाबून फोडा, आतला फास मोकळा होतो, तोच हुकात अडकवा. डोळ्याला चष्मा लावून करा, तुकडा उडतो. जाडी मात्र मँडोलिनची बघून घ्या, ई साठी ११, ए १५, डी २६, जी ४० (इंचाचे हजारावे भाग).

व्हायोलिनवाली_मीनल

मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल, नाही म्हटलं म्हणून मी म्हणते. जी डी ए ई! व्हायोलिनचंच जुळवणं. मी व्हायोलिन शिकलेली, मँडोलिन हातात घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळी बोटं जागच्या जागी. वर पडदे आहेत, म्हणजे सूर लागेल की नाही ही धाकधूक नाही. पाचापाचांच्या अंतरावर चार तारा असल्यामुळे एक बोटांची आकृती पाठ झाली की तीच शेजारच्या तारांवर उचलून ठेवायची, पट्टी बदलली. गिटारवर हे इतकं सरळ नाही. अमेरिकन मँडोलिनवादक ख्रिस थिली बाखच्या व्हायोलिनच्या रचना मँडोलिनवर वाजवतो, त्याच्याकडे १९२४ चं लोअर आहे, ते ऐकल्यावर मी स्वतः बाखचं पहिलं पान पुन्हा काढलं. गजाने लांब धरलेला सूर इथे नाही, पण प्रत्येक स्वराला सुरुवात आहे, टोक आहे, आणि त्यामुळे बाखची वीण उघडी दिसते.

ढोलकीच्या_तालावर

मीनल, म्हणजे माझ्या मुलीला व्हायोलिन येतं, तिला मँडोलिन घेतलं तर चालेल? नववीत आहे.

व्हायोलिनवाली_मीनल

चालेल नाही, धावेल. फक्त डाव्या हाताची बोटं सुरुवातीला दुखतात, दोन तारा एकदम दाबायच्या असतात. हलक्या तारा लावा आणि ॲक्शन (तारांची पडद्यांपासूनची उंची) कमी करून घ्या. आणि दुकानात तिला स्वतःला धरून बघू द्या, चौथी_जोडी म्हणतात ते नेकचं मुलांच्या बाबतीत अगदी खरं आहे.

जवा_बदल

मी सरोद वाजवतो, मँडोलिन हौसेने. तुम्ही सगळे वाद्यात अडकलात, माझ्या मते निम्मा आवाज पिकचा. मी सरोदचा जवा, नारळाच्या करवंटीचा, घासून पातळ आणि टोक गोल करून मँडोलिनला वापरतो. प्लॅस्टिकची टिकटिक जाते, सूर भरीव येतो. करवंटी जुनी आणि काळी घ्यायची, कोवळी कपचीने उडते. माझं मँडोलिन कलकत्त्याचं, साधंसुधं आहे, पण हा जवा लावला की लोक विचारतात कुठलं.

निषाद_वऱ्हाडी

जवा साहेब, हे मी उद्याच करणार. किती जाडी ठेवता?

जवा_बदल

दीड मिलिमीटर, कडेला एक. तेलात रात्रभर बुडवून ठेवा, घासताना चिरत नाही.

चौथी_जोडी (पुणे)

मंडळी, धागा इतका चालेल वाटलं नव्हतं. सगळं वाचून काढलं. मिरजेच्या पाहुण्यांचं वाचून काल मीही बॅटरी लावून बघितली, माझ्या ब्रिजच्या एका पायाखालून चक्क उजेड येतोय, म्हणजे मिरजेची फेरी नक्की. रेघोट्यांमुळे ए च्या जोडीवर ट्रेमोलो धरून बसलो, खरंच तिसरा ते सातवा पडदा वेगळाच बोलतो, माझ्याही वाद्यात. पण माझा नंबर एक बदलत नाही. हे सगळं करायला मी ते रोज हातात घेतो कशामुळे, तर अंगठा तिथे सुखाने बसतो म्हणून. ब्रिजने आवाज दीडपट होईल, पण आवाज ऐकायला आधी उचललं पाहिजे ना.

मिरजेचा_पाहुणा

या मिरजेला. मी येतो स्टेशनवर घ्यायला. ब्रिज झाल्यावर पुन्हा विचारतो नंबर एक कोणता. 😀

रेघोट्या

दिवाळीनंतर पुण्यात कट्टा करूया का? सगळ्यांनी आपापलं घेऊन यायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं वाजवायचं. नेक, ब्रिज, चॉप, सगळ्याचा निकाल तिथेच लावू.

मडगांवचो_बाब

मी येतो, पप्पांच्या पप्पांचं घेऊन. शामोआ पण आणतो, मांडीवर टिकणार नाही तुमच्या.

कोथरूड_ते_कॅरोलिना

मी डिसेंबरात येतोय, तारीख तेव्हाची धरा प्लीज. मँडोलिन विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावतं, हे अजून एक आवडण्यासारखं, गिटारवाले मित्र दरवेळी गेटवर हुज्जत घालत असतात.

खमंग_काकडी

वाजवत नसलेल्यांना प्रवेश आहे का? मी मिसळ आणते.

चौथी_जोडी (पुणे)

काकडी ताई, तुमच्याशिवाय कट्टा नाही. डिसेंबरचा तिसरा रविवार धरतो, सकाळी दहाला, जागा व्यनिने कळवतो. रिमझिम, तुम्हीही या. ई च्या तारा मी जास्तीच्या आणतो, वीस जण एकमेकांची वाद्यं वाजवणार म्हणजे दोन-तीन तरी तुटणारच.